पाणी पाजलं म्हणून कीपर होता येत नाही

थंडी पडू लागली, मैदानावर मॅट झटकून खिळे ठोकले गेले आणि आंतरमहाविद्यालयीन क्रिकेटच्या तारखा लागल्या, की शहाद्यात एक वाक्य हमखास कानावर येतं. 'दोन वर्षं पाणी पाजलंय त्यानं, आता त्याचीच बारी आहे.' हे वाक्य बॅट्समनबद्दल सहसा कुणी बोलत नाही, कारण बॅट्समन सहा-सात लागतात आणि एखादा जास्तीचा कुठेतरी बसवता येतो. बोलरचंही तसंच. बोललं जातं ते विकेटकीपरबद्दल. संघात कीपर एकच. दुसरा कितीही चांगला असला तरी त्याच्या हाती ग्लोव्ह्जऐवजी टॉवेल आणि बाटल्या येतात. म्हणून तिसऱ्या वर्षाचा मुलगा आणि नुकताच आलेला पहिल्या वर्षाचा मुलगा असा पेच पडला की चहाच्या टपरीपासून जिमखान्याच्या खोलीपर्यंत सगळे न्यायाधीश होतात, आणि निकाल बहुधा ठरलेला असतो: बारी ज्याची, जागा त्याची.

हा निकाल देणारी माणसं वाईट नाहीत. त्यांतली काही मला वडिलांच्या जागी आहेत, काहींनी स्वतःच्या खिशातून मुलांना बूट घेऊन दिलेत. त्यांचं म्हणणं आधी नीट मांडतो, नाहीतर खोडून काढण्यात अर्थ नाही. ते म्हणतात, सीनियर मुलगा थांबला, त्यानं तक्रार केली नाही, त्या थांबण्याला किंमत नसेल तर उद्या राखीव म्हणून कोण यायला तयार होईल? ते म्हणतात, दोघं बरोबरीचे असतील तर बॅटिंग ज्याची बरी तो घ्यावा, सरळ हिशेब. ते म्हणतात, जागेसाठी झुंज लावली की संघाचे दोन तट पडतात. आणि अगदीच अडलं तर ते म्हणतात, एक मॅच याला, एक मॅच त्याला, कुणाचंच मन मोडायला नको.

चारही मुद्दे वरवर शहाण्यासारखे आहेत. माझ्या मते चारही चुकीचे आहेत, आणि चुकण्याचं मूळ एकच: यांतला एकही मुद्दा त्या मुलाच्या हातात चेंडू येतो तेव्हा काय होतं, याबद्दल बोलत नाही.

आधी बारीचं बघू. रेशनच्या रांगेत नंबर लावला की धान्य मिळालंच पाहिजे, कारण तिथे प्रत्येकाचं पोट सारखं असतं. ग्लोव्ह्जचं तसं नाही. सीनियर मुलानं दोन हंगाम थ्रोडाऊन दिले, किटबॅग एसटीच्या टपावर चढवली, धुळ्याला-जळगावला बाकावर बसून टाळ्या वाजवल्या. त्याबद्दल त्याचा जाहीर सत्कार करा, प्रवासाच्या यादीत त्याचं नाव पहिलं लिहा. पण त्या दोन वर्षांत तो ऑफस्पिनरला स्टंपजवळ उभा राहून किती चेंडू घेऊ शकला, हा प्रश्न वेगळा आहे आणि थांबण्यातून त्याचं उत्तर मिळत नाही. उलट दोन वर्षं बाकावर बसलेल्या मुलाला मॅचमधले चेंडू मिळालेलेच नसतात. आपण त्याच्या ज्या अनुभवाचं कौतुक करतो, तो अनुभव बसण्याचा असतो.

बारीचा नियम तटस्थ आहे, असा एक समज आहे. कुणाचं जातगोत न बघता वर्ष बघतो, म्हणजे किती निःपक्षपाती! शहाद्यात राहणाऱ्यानं तरी असं म्हणू नये. आपल्या कॉलेजांत गावातली मुलं असतात आणि वरून, धडगाव-तोरणमाळकडून, आश्रमशाळांतून शिकून आलेली, वसतिगृहात राहणारी मुलंही असतात. त्या मुलांच्या शाळेत कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल भरपूर. लेदर बॉल बहुतेकांच्या हाती पहिल्यांदा येतो तो कॉलेजात. गावातला मुलगा नववी-दहावीतच कीपर झालेला असतो, आणि का झाला याचं कारण पुष्कळदा इतकंच असतं की गल्लीत कीपिंगचे ग्लोव्ह्ज त्याच्याकडे होते. आता या दोघांत 'अनुभव' मोजायचा म्हटल्यावर निकाल काय लागणार? टेनिस बॉलवर खेळून आलेल्या, चेंडू कुठूनही आला तरी हातात घेणाऱ्या त्या वरच्या मुलाला आपण सांगतो, थांब, तुझी बारी तिसऱ्या वर्षी. तिसऱ्या वर्षापर्यंत तो क्रिकेटमध्ये राहत नाही. पोलीस भरतीच्या तयारीला लागतो, नाहीतर शिक्षणच सुटतं. मग पुढच्या वर्षी आपण म्हणतो, काय करणार भो, चांगला कीपरच मिळत नाही.

आणि जागा म्हणजे नुसती हौस नाही. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत खेळलेला मुलगा विभागाच्या संघात, तिथून विद्यापीठाच्या संघात जाऊ शकतो. कलरकोट मिळतो, पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाता येतं. 1990 मध्ये जळगावला स्वतंत्र विद्यापीठ होण्याआधी खानदेशातली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. तेव्हा इथल्या मुलाला पुण्याच्या मुलांशी टक्कर देऊन वर यावं लागे. आता तीन जिल्ह्यांचं आपलं विद्यापीठ आहे, दार जवळ आलंय. त्या दारात आपणच सीनियॉरिटीचा उंबरठा बांधून ठेवायचा, याला काय म्हणावं?

हा पेच फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत कॉलेजांचा फुटबॉल चालतो, म्हणजे लांबट चेंडू हातानं फेकायचा आणि अंगावर धावून जायचं तो खेळ. त्यात क्वार्टरबॅक नावाचा एक गडी असतो. प्रत्येक चाल त्याच्या हातातून सुरू होते आणि तोही संघात एकच. त्या जागेसाठी दरवर्षी जी चुरस लागते, तिच्यावर तिकडे आख्खी गावं भांडतात. आपल्याकडच्यासारखीच, फक्त स्टेडियम लाखाचं. 8 जानेवारी 2018 ला अलाबामा विद्यापीठाचा संघ राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यात जॉर्जियाविरुद्ध मध्यंतराला 0-13 असा मागे होता. त्यांचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स दोन हंगाम ती जागा सांभाळत होता आणि तेवढ्यात त्याचा संघ फक्त दोन सामने हरला होता. बारीवाल्यांना विचाराल तर त्याला हात लावायचं पापच. प्रशिक्षक निक सेबन यांनी मध्यंतरानंतर त्याला बसवलं आणि तुआ टागोवायलोआ या पहिल्या वर्षाच्या पोराला उतरवलं. अलाबामा जादा वेळेत 26-23 नं जिंकलं.

इथे बारीवाले लगेच म्हणतील, बिचाऱ्या हर्ट्सचं काय? हर्ट्सचं असं झालं की तो पुढचा हंगाम त्याच संघात दुसरा म्हणून राहिला. 2018 च्या डिसेंबरमध्ये, पुन्हा जॉर्जियाविरुद्धच, तुआ जखमी झाला तेव्हा शेवटच्या टप्प्यात मागे पडलेल्या संघाला त्यानं सामना 35-28 असा जिंकून दिला. नंतर तो ओक्लाहोमा विद्यापीठात गेला, तिथून व्यावसायिक खेळात, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये फिलाडेल्फियासाठी सुपर बोल जिंकताना सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. जागा गेल्यानं तो संपला नाही. पण एक फरक प्रामाणिकपणे सांगायला हवा. तिकडच्या मुलाला कॉलेज बदलता येतं. आपल्या मुलाची ॲडमिशन, एसटीचा पास, वसतिगृहाची खोली सगळं एका गावाला बांधलेलं. शहाद्यात जागा मिळाली नाही म्हणून तो प्रकाशामार्गे नंदुरबारचं कॉलेज धरू शकत नाही. तेव्हा इथला निर्णय अमेरिकेतल्यापेक्षा जास्त जपून घ्यायला हवा, आणि आपण तो वर्ष विचारून घेतो.

विरुद्ध बाजूचं एक चांगलं उदाहरण आहे, ते मीच देतो. मिशिगन विद्यापीठात 1999 च्या हंगामात टॉम ब्रेडी शेवटच्या वर्षाचा खेळाडू होता आणि ड्रू हेन्सन नावाचा, ज्याचा फार बोलबाला होता असा धाकटा मुलगा त्याच्या जागेवर आला होता. प्रशिक्षक लॉइड कार यांनी हंगामाच्या सुरुवातीला पहिला भाग ब्रेडी, दुसरा भाग हेन्सन, आणि ज्याचं चांगलं त्यानं पुढे खेळायचं अशी वाटणी केली. अखेर जागा ब्रेडीकडेच आली आणि 1 जानेवारी 2000 च्या ऑरेंज बोलमध्ये त्यानं अलाबामाला जादा वेळेत 35-34 असं हरवलं. बघा, सीनियरच बरोबर निघाला! निघाला खरा. पण तो सीनियर होता म्हणून जागा राहिली नाही. धाकट्याशी समोरासमोर खेळून त्यानं ती ठेवली. चुरस लावली की धाकटाच जिंकतो, असं माझं म्हणणं नाहीच. तिसऱ्या वर्षाचा मुलगा खरंच चांगला असेल तर त्याला चाचणीची भीती का वाटावी? आणि त्याच्या वतीनं आपल्याला का वाटते?

आता बॅटिंगकडे येतो. माझं खरं भांडण इथे आहे.

मी बरीच वर्षं मैदानाच्या कडेला टेबल टाकून स्कोअरबुक लिहीत आलोय. त्यामुळे एक गोष्ट मला इतरांपेक्षा स्वच्छ दिसते. कीपरनं बॅटनं काढलेली प्रत्येक धाव त्याच्या नावापुढे लिहिली जाते. त्यानं ग्लोव्ह्जनं घालवलेली एकही धाव त्याच्या नावापुढे लिहिली जात नाही. चेंडू त्याच्या पायांमधून सीमेकडे गेला तर चार 'बाय', आणि बाय जातात अवांतरमध्ये. लेगच्या बाहेरचा वाइड त्याला अडवता आला नाही आणि पोरांनी धावून आणखी दोन काढल्या, तर नियमानुसार त्या सगळ्या वाइडच धरल्या जातात आणि बोलरच्या खात्यावर पडतात. चूक कीपरची, डोकं बोलरचं फुटतं. कॅच सुटला तर पुस्तकात टिंब पडतं, बस्स. स्टंपिंगची संधी गेली तरी टिंबच. सुटलेल्या कॅचला स्कोअरबुकात रकाना नाही.

म्हणून निवडीच्या बैठकीत काय होतं बघा. एक जण पुस्तक उघडतो आणि म्हणतो, याच्या बावीस, त्याच्या सहा. बावीस हा आकडा आहे, कागदावर आहे. दुसरा म्हणतो, पण त्याचे हात चांगले आहेत. हे झालं मत. आकड्यापुढे मत हरतं. आता तोच सामना मी टेबलावरून कसा पाहिला ते धरून चला: बावीसवाल्यानं नऊ बाय दिल्या, वाइडवर जादा चार पळू दिल्या, आणि समोरच्या ओपनरचा आठवर कॅच सोडला, तो ओपनर एक्कावन्न करून गेला. बेरीज करा, छप्पन्न होतात. बावीस दाखवून त्यानं छप्पन्न घालवल्या, आणि पुस्तक म्हणतं तो चांगला खेळला. हे उदाहरण मी रचलेलं आहे, पण ज्यानं आपल्या मैदानांवर एक हंगाम नीट पाहिलाय त्याला यात काही अशक्य वाटणार नाही.

मॅटवरचा खेळ कीपरला आणखी कठीण असतो. मॅट ताणून बसली असेल तर ऑफस्पिनरचा चेंडू पोटापर्यंत उसळतो, आणि आपल्या कॉलेजांच्या संघांत बोलिंग मुख्यतः स्पिनरांचीच. जवळ उभा असलेला कीपर चेंडूच्या आधी उठला की संपलं. चेंडू टप्पा पडून जसा वर येईल तसं त्याच्याबरोबर उठायचं, डोकं चेंडूच्या रेषेत, हात शेवटी किंचित मागे. लेगला जाणारा चेंडू मधे बॅट्समनचं शरीर आल्यानं क्षणभर दिसतच नाही; तो अंदाजानं घ्यावा लागतो, आणि घेऊन त्याच हालचालीत बेल्स उडवाव्या लागतात. ज्याला हे जमत नाही तो चार पावलं मागे सरकतो. कीपर मागे सरकला की बॅट्समन क्रीज सोडून खेळायला लागतो, स्पिनरची लांबी बिघडते, आणि पाचव्या षटकात आपण म्हणतो, आज आपल्या स्पिनरला काय झालंय? त्याला काहीच झालेलं नसतं.

भारतानं आपली पहिली कसोटी जिंकली ती फेब्रुवारी 1952 मध्ये, मद्रासला इंग्लंडविरुद्ध. विनू मंकड यांचे 12 बळी सगळ्यांना पाठ असतात. त्या सामन्यात यष्टीमागे प्रबीर सेन होते आणि त्यांनी पाच स्टंपिंग केले. सेन यांची कसोटीतली फलंदाजीची सरासरी 12 च्याही आत आहे. आपल्या निवडसमितीनं त्यांना बाकावरच बसवलं असतं. पुन्हा मद्रास, जानेवारी 1988: नरेंद्र हिरवाणी पहिल्याच कसोटीत वेस्ट इंडिजचे 16 बळी घेतो, आणि किरण मोरे एका सामन्यात सहा स्टंपिंग करतात, त्यांतले पाच एका डावात. त्या सहा वेळी मोरेंचे हात अडखळले असते तर हिरवाणीच्या 16 पैकी किती उरले असते? स्पिनरचा बळी पुष्कळदा दोघांचा असतो, पुस्तकात मात्र ठळक नाव एकाचंच.

लगेच धोनी येईल, गिलख्रिस्ट येईल, पंत येईल, मला ठाऊक आहे. येऊ देत. ॲडम गिलख्रिस्टला न्यू साउथ वेल्समध्ये ग्लोव्ह्ज मिळेनात म्हणून तो 1994 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाला गेला आणि तिथल्या लाडक्या टिम झोरर यांची जागा घेतल्याबद्दल तिथल्या प्रेक्षकांचा राग त्यानं सोसला. 1999 च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिस्बेनला तो पहिली कसोटी खेळला. ब्रिस्बेन म्हणजे इयन हिली यांचं घरचं मैदान. 395 बळींचा तेव्हाचा जागतिक विक्रम हिली यांच्या नावावर होता, आणि तिथे निरोपाची एक कसोटी खेळू द्या ही त्यांची विनंती मान्य झाली नव्हती. बारीचा नियम लावायचाच तर जगात यापेक्षा मोठा हक्कदार मिळाला नसता. गिलख्रिस्टनं 81 केल्या, आणि पुढच्याच कसोटीत होबार्टला नाबाद 149. हे उदाहरण बॅटिंगवाल्यांच्या बाजूचं आहे आणि बारीवाल्यांच्या विरुद्ध. दोन्ही एकदम मांडणाऱ्यांनी आधी आपसांत ठरवावं. पंतचंही तेच. 2020 च्या डिसेंबरात ॲडलेडला 36 त गडगडलो तेव्हा यष्टीमागे वृद्धिमान साहा होता; मेलबर्नला पंत आला आणि 19 जानेवारी 2021 ला ब्रिस्बेनला नाबाद 89 करून मालिका जिंकून देऊन गेला. ग्लोव्ह्जमध्ये साहा वरचढ होता, असं तेव्हा जवळजवळ सगळेच मानत.

मग मी हरलो का? नाही, कारण त्या पातळीवर दुसऱ्या माणसाचे हातही इतके चांगले असतात की फरक सामन्यात एखाद-दुसऱ्या संधीचा उरतो, आणि गिलख्रिस्ट-पंतच्या बॅटचा फरक शंभर धावांचा. आपल्याकडे गणित उलटं आहे. दोन मुलांच्या बॅटिंगमधला फरक दहा-पंधरा धावांचा आणि हातांमधला फरक डोळ्यांना दिसेल एवढा. टीव्हीवरून नियम उचलायचा तर आकडेही टीव्हीवरचे पाहिजेत.

बरं, बॅटिंगचा निकष आपण तरी इमानानं पाळतो का? महाराष्ट्राचे यष्टिरक्षक नाना जोशी 1960 च्या डिसेंबरमध्ये मुंबईला पाकिस्तानविरुद्ध खेळले. नवव्या विकेटला रमाकांत देसाईंबरोबर 149 धावांची भागी, देसाई 85, जोशी नाबाद 52. कसोटीतलं त्यांचं एकमेव अर्धशतक. त्यानंतर ते एकही कसोटी खेळले नाहीत. बुधी कुंदरन यांनी 1964 च्या जानेवारीत मद्रासला इंग्लंडविरुद्ध 192 केल्या, त्या मालिकेत एकूण 525. त्याच वर्षी ऑस्ट्रेलिया आलं तेव्हा यष्टीमागे इंद्रजितसिंहजी, आणि पुढे फारुख इंजिनियर. इंजिनियर मोठे होतेच, वाद नाही. ते 46 कसोटी खेळले, कुंदरन 18. पण 525 धावांनीही जागा टिकत नसेल आणि ग्लोव्ह्जवर बोलायचं तर कुणी चाचणी घेतलेली नसेल, तर मग खेळाडूनं सिद्ध करायचं तरी काय? निकष आधी सांगितला नाही की प्रत्येक निवडीला नंतर कारण सापडतं. दिल्ली-मुंबईत हे होत आलं, आपल्या जिमखान्यात छोट्या मापात होतं. पहिल्या मॅचच्या आदल्या दिवशी निकष बॅटिंग असतो, पराभवानंतर अनुभव, आणि प्राचार्यांचा फोन आला की शिस्त.

'एक मॅच तू, एक मॅच तो' हा तोडगा मला सगळ्यांत भित्रा वाटतो, आणि त्याच्यावर जास्त शब्द घालवत नाही. 1951-52 मध्ये इंग्लंडविरुद्धच्या पाच कसोटींत जोशी, नाशिकला जन्मलेले माधव मंत्री आणि सेन असे तीन यष्टिरक्षक आपण खेळवले. 1959 च्या इंग्लंड दौऱ्यात जोशी आणि नरेन ताम्हाणे दोघेही गेले, दोघांनीही कसोट्या वाटून घेतल्या, पाचही हरलो. त्या पराभवाचं खापर कीपरवर फोडण्याचा वेडेपणा मी करणार नाही. एवढंच विचारतो, आपल्या स्पर्धेत हरला की बाहेर. तिथे आलटून-पालटूनला जागा कुठे आहे? पहिला सामना ज्याच्या वाट्याला आला त्याचाच हंगाम झाला. म्हणजे वाटणीच्या नावाखाली निर्णय घेतलाच, फक्त तो कबूल केला नाही. बोलरला तर विचारतच नाही कुणी. एका कीपरचा इशारा, उभं राहण्याची जागा, 'लेगला टाक' म्हणून केलेली खूण अंगवळणी पडते न पडते तोच समोर दुसरा.

राहिलं फुटीचं. झुंज लावली की तट पडतात म्हणे. कुंदरन यांच्याबद्दल एक हकिकत सांगतात: 1960 च्या पहिल्या दिवशी मुंबईला ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिली कसोटी खेळायला उतरताना त्यांच्याकडे धड ग्लोव्ह्ज नव्हते, रणजी सामनाही तोवर खेळलेले नव्हते, आणि त्यांनी ग्लोव्ह्ज मागून आणले ते ताम्हाण्यांकडून. ज्यांची जागा ते घेत होते, त्यांच्याकडून. दोन कीपर एकमेकांचे वैरी असतात ही बाकीच्यांची समजूत आहे. खरं म्हणजे आख्ख्या संघात आपलं काम समजणारा दुसरा माणूस तो एकच असतो. बोट ठेचलं की कुठली पट्टी कशी बांधायची हे ते एकमेकांनाच विचारतात.

तट पडतात ते यादी लागेपर्यंत कुणालाच काही न कळल्यानं. ट्रायल म्हणून तीन-चार दिवस नेट होतं, त्यात कीपरला कीपिंग कुणी करायलाच लावत नाही, त्याला पॅड बांधून बॅटिंगला पाठवतात. मग संध्याकाळी यादी लागते. नाव नसलेला मुलगा विचारायला जातो तर उत्तर मिळतं, 'बघू पुढच्या वर्षी.' त्यानंतर तो काय समजेल? गावकी, भावकी, कुणाचा पुतण्या, कुणाची शिफारस; जे खरं असेल तेही आणि नसेल तेही. त्या अफवांचा दोष चुरशीवर ढकलणं सोयीचं आहे, कारण मग चाचणी न घेणाऱ्याकडे बोट जात नाही.

चाचणी घ्यायला काय लागतं? संघाचे दोन स्पिनर, एक मॅट, एक बॅट्समन ज्याला सांगून ठेवलंय की मुद्दाम चुकव. दोघा मुलांना स्टंपजवळ उभं करून साठ-साठ चेंडू द्यावेत, त्यांतले निम्मे लेगच्या बाहेर. मग फास्ट बोलरला मागे उभं राहून कडेचे झेल. मग डीपवरून थ्रो, काही चांगले, काही उसळी घेणारे, काही मुद्दाम वेडेवाकडे. कागदावर तीनच रकाने: घेतला, अडवला, सुटला. तासाभराचं काम आहे. शेवटी बोलरना प्रत्येकी एक चिठ्ठी द्या, तुला पाठीमागे कोण हवा? 'बोलर मित्राचं नाव लिहितील' हा आक्षेप मी ऐकलाय. लिहू देत एखाद्याला. ज्याच्या स्वतःच्या विकेट कीपरच्या हातात आहेत, तो मैत्रीसाठी किती विकेट सोडेल, हे एकदा बघूनच घ्या. बॅटिंगही मोजा, पण शेवटी, आणि हातांत खरोखर फरक नसेल तरच.

एवढं झाल्यावर तिसऱ्या वर्षाचा मुलगा पुढे निघाला तर मी पहिला टाळी वाजवीन. पहिल्या वर्षाचा निघाला तर क्रीडाशिक्षकांनी यादी लावण्याआधी सीनियर मुलाला बाजूला घेऊन तो कागद दाखवावा, कुठले चेंडू सुटले ते सांगावं, आणि तो रागावला तर रागावू द्यावा. सरांना हे अवघड वाटतं म्हणून तर बारीचा नियम इतका प्रिय आहे: त्यात कुणाच्या डोळ्यांत बघून काही सांगावं लागत नाही, कॅलेंडरच सांगतं.

मी माझ्यापुरतं एक सुरू करतोय. या हंगामात मी ज्या मॅचला टेबलावर बसेन तिथे स्कोअरबुकाच्या शेवटच्या पानावर कीपरसाठी वेगळ्या रेघा मारीन: किती आले, किती घेतले, किती सुटले, त्यांतून किती धावा गेल्या. समोरच्या संघाच्या कीपरचंही लिहीन, म्हणजे पक्षपाताचा आरोप नको. ते पान कुणालाही बघता येईल. पुढच्या बैठकीत कुणी पुस्तक उघडून 'याच्या बावीस' म्हणाला, तर त्याला तेवढं शेवटचं पानही उलटायला सांगा.